बादलीचं भांडण: कॉलेजच्या मुलांना वाद हाताळायला शिकवणारी कार्यशाळा कशी घ्यायची

सांगलीतल्या कोणत्याही कॉलेजात दोघांची जुंपली की मध्ये पडणाऱ्या तिसऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मिटवून टाका की राव." मग हात मिळवले जातात, टपरीवर चहा होतो, आणि आठवड्याभरात तेच भांडण त्याच जागेवरून परत उठतं.

ही सवय मुलांनी आकाशातून आणलेली नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या अंजनीच्या आर. आर. आबांनी गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. बांधाचे, भावकीचे कितीतरी वाद त्यातून पोलीस ठाण्याची पायरी न चढता संपले. आज वर्गात बसणारी मुलं त्या मोहिमेच्या काळात लहानाची मोठी झाली. त्यांच्या डोक्यात वाद संपवण्याचं एकच चित्र पक्कं आहे: गावातली चार वडीलधारी माणसं, समोर मान खाली घातलेले दोघं, आणि शेवटी "बरं, तुम्ही म्हणाल तसं." पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या चौघांत वडीलधारं कोण? प्रोजेक्टच्या ग्रुपात सरपंच कोण? तिथे त्यांचं त्यांनाच निस्तरावं लागतं, आणि ते कुणी शिकवलेलं नसतं.

मी सांगलीत एका कॉलेजात शिकवते आणि काही वर्षांपासून ही कार्यशाळा घेते. नव्याने नेमणूक झालेले प्राध्यापक, एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी आणि हॉस्टेलच्या रेक्टर यांनी बरेचदा विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पद्धत कुठली, आणि भांडणाशी तिचा काय संबंध

डिझाईनवाल्यांची एक साधी शिस्त असते. खुर्ची करायची तर आधी बसणाऱ्याकडे बघायचं, लाकडाकडे नंतर. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलने ही शिस्त पाच पायऱ्यांत बांधली आणि तिथून ती जगभर गेली: समोरच्याला समजून घेणं, प्रश्न नेमका मांडणं, कल्पना काढणं, कच्चा नमुना करणं आणि तो वापरून बघणं. यालाच डिझाईन थिंकिंग किंवा ह्युमन सेंटर्ड डिझाईन म्हणतात. मुलांना ही नावं पहिल्या दिवशी सांगू नका, वहीत उतरवून घेतात आणि विषय संपतो.

भांडणाला ही पद्धत लावायची म्हणजे दोष माणसात शोधण्याआधी मांडणीत शोधायचा. मांडणी म्हणजे वेळापत्रक, जागा, वस्तू, नियम, कोण कधी उठतं, किल्ली कुणाकडे असते, चार्जिंगचे पॉइंट किती आहेत. "तो तसाच आहे" म्हटलं की आपल्या हातात काहीच उरत नाही. "चौघांत एकच पॉइंट आहे" म्हटलं तर निदान एक्स्टेन्शन बोर्ड आणता येतो.

साताऱ्याचं उदाहरण मी मुलांना आवर्जून सांगते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली तिथे वसतिगृह सुरू केलं, त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. जातीभेदावर भाषणं त्या काळातही पुष्कळ होत होती. भाऊरावांनी जेवणाची पंगत बदलली.

आधीची तयारी

मुलं चोवीस. अगदीच नाही म्हणता आलं नाही तर तीस, त्यावर एकही नको. चार-चारचे गट करा, आणि एकाच खोलीत राहणारे किंवा एकाच प्रोजेक्टमधले दोघं एका गटात टाकू नका.

वेळ: सलग दोन दिवस, दहा ते चार, आणि त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी अर्धा दिवस. हा शेवटचा अर्धा दिवस प्राचार्यांकडून आधीच लिहून घ्या. तो नंतर कधीच मिळत नाही. चारच्या पुढे कार्यक्रम रेटलात तर कवठेमहांकाळ, आटपाडीकडची मुलं एसटीच्या वेळेकडे डोळे लावून बसतात, त्यांचं शरीर वर्गात आणि मन स्टँडवर.

जुलै-ऑगस्टही टाळा. २०१९ आणि २०२१ नंतर पाऊस लागला की नदीकाठच्या मुलांचा एकच प्रश्न असतो, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फुटांवर? पातळी चाळिशीकडे सरकायला लागली की त्यांच्या घरी सामान माळ्यावर चढवायची गडबड सुरू असते, आणि तुम्ही त्यांना रंगीत चिठ्ठ्या वाटत बसलेल्या असता.

जागा अशी हवी की बाकं हलवता येतील. पायऱ्या-पायऱ्यांचा मोठा हॉल बाहेरून दिमाखदार दिसतो, पण या कामाला कुचकामी. मी एकदा मेसच्या जेवणघरात घेतली, ती सगळ्यांत चांगली झाली.

साहित्याला फार पैसे लागत नाहीत. चार्ट पेपर, स्केचपेन, चिकटपट्टी. चिकटचिठ्ठ्या विकतच्या महाग पडतात, आणि आपल्या भिंतींच्या चुन्यावर त्या टिकतही नाहीत. त्याऐवजी जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजू वापरा. लग्नसराईनंतर कुणाच्याही घरी ढीग पडलेला असतो. खायला भडंग ठेवणार असाल तर चार्टपासून लांब ठेवा. तेलाचे डाग पडलेला चार्ट मी दोन वर्षं दाखवतेय.

आठवडाभर आधी: चिठ्ठ्यांचा डबा

ग्रंथालयाच्या दाराशी एक बंद डबा ठेवा. त्यावर एवढंच लिहा: "गेल्या महिन्यात कुठे आणि कशावरून खटका उडाला? नावं नकोत, जागा लिहा."

जागा विचारण्यात खुबी आहे. "कुणाशी भांडलास" विचारलं की तक्रार येते, "कुठे" विचारलं की मांडणी येते. माझ्या डब्यात निघालेल्या जागा अशा: बाथरूमबाहेरची रांग, मेसमधली शेवटची चपाती, पार्किंगचा झाडाखालचा कोपरा, गॅदरिंगच्या गाण्यांची यादी, प्रोजेक्टचा फायनल रिपोर्ट, उसने दिलेले पाचशे रुपये, मोबाईलचा हॉटस्पॉट, रात्री दोनला चालू असलेली ट्यूबलाईट.

मग एकट्याने बसून चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा. पहिला, कार्यशाळेत घेता येतील अशा. दुसरा, फार ताज्या किंवा फार ओळखू येणाऱ्या, त्या यंदा बाजूला.

तिसऱ्या ढिगाबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. रॅगिंग, लैंगिक छळ, जातीवरून अपमान, मारहाण, धमकी. ही भांडणं नव्हेत, आणि ही कार्यशाळेत आणायची नाहीत, कितीही "सौम्य" वाटली तरी. रॅगिंगसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे, यूजीसीचे २००९ चे नियम आहेत, राष्ट्रीय हेल्पलाईन आहे: १८००-१८०-५५२२. लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असते. जातीय अत्याचारासाठी १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे. ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला "समोरच्याची बाजूही समजून घे" असं सांगणं हा दुसरा अन्याय. अशी चिठ्ठी निघाली तर तिची नोंद त्याच दिवशी संबंधित समितीकडे द्या आणि कोणाला कुठे भेटायचं हे सगळ्या वर्गांत वाचून दाखवा, म्हणजे चिठ्ठी टाकणाऱ्यापर्यंत ते नाव न घेता पोचतं. स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करण्याची भाषा चिठ्ठीत असेल तर कार्यशाळा राहू द्या, आधी समुपदेशकाला गाठा.

पहिला दिवस, सकाळ: आपण कसे भांडतो

माझ्या पहिल्या कार्यशाळेत मी चाळीस स्लाइड केल्या होत्या आणि त्यावर कडी म्हणून खरोखर भांडलेल्या दोन मुलींना पुढे बोलावून "आता आपण हे सोडवू" म्हटलं. एक रडत बाहेर गेली, दुसरी वर्षभर माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून पहिली सकाळ कुणाच्याच भांडणाची नसते.

केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन यांनी १९७४ साली वाद हाताळण्याच्या पाच तऱ्हा मांडल्या. त्यांची प्रश्नावली विकत घ्यायची गरज नाही, वर्गाचे चार कोपरे पुरतात. एका कोपऱ्यात लिहा "मी म्हणतो तसंच." दुसऱ्यात "बरं बाबा, तुझं खरं." तिसऱ्यात "नंतर बघू." चौथ्यात "बसू, बोलू, तोड काढू." आणि वर्गाच्या मधोमध खडूने गोल काढून "निम्मं तुझं, निम्मं माझं." त्या दोघांच्या मूळ आकृतीतही तडजोड मधोमधच आहे, आणि पाय आपोआप तिकडेच वळतात हे तुम्हाला दिसेल.

आता एक प्रसंग वाचा. "तू आठवडाभर खपून केलेल्या रिपोर्टवर मित्राने स्वतःचं नाव पहिलं टाकलं." मुलं आपापल्या कोपऱ्यात जातात. मग प्रसंग तोच ठेवून माणूस बदला: मित्राच्या जागी मोठा भाऊ. मग विभागप्रमुख. मग ज्युनिअर. मुलं जागा बदलत जातात, हसतात, एकमेकांकडे बोट दाखवतात. मित्रासमोर "मी म्हणतो तसंच"मध्ये छाती काढून उभा असलेला मुलगा विभागप्रमुख म्हटल्यावर "नंतर बघू"त जाऊन खांबाआड उभा राहतो. इथे तुम्ही काही समजावू नका. फक्त विचारा, "काय बदललं?"

एक जपा. चौथा कोपरा बरोबर आणि बाकीचे चूक असं वाटू देऊ नका. बसच्या रांगेत धक्का मारणाऱ्याशी बसून बोलत बसायचं नसतं, तिथे "जाऊ दे" हेच शहाणपण.

जेवणाआधी व्यवस्थापनाच्या अमेरिकन अभ्यासक मेरी पार्कर फॉलेट यांची खिडकीची गोष्ट सांगते. १९२५ सालच्या एका भाषणात त्यांनी ती सांगितली होती. हार्वर्डच्या ग्रंथालयातल्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. एकाला हवा मिळाली, दुसरीच्या अंगावर वारा आला नाही. कुणीच निम्मं सोडलं नाही. मुलं पटकन म्हणतात, "मॅडम, पण आमच्या रूमला शेजारची खोलीच नाही." बरोबर आहे. मग आता शोधायला लागू.

पहिला दिवस, दुपार: ऐकायला पाठवा

प्रत्येक गटाने एक चिठ्ठी निवडायची आणि तशा प्रसंगातून गेलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांना भेटायचं. आपण होऊन बोलायला तयार असलेल्यांनाच. मेसच्या काकू, वॉचमन मामा, घरमालक हेही त्यात येतात, आणि बहुतेकदा तेच सगळ्यांत कामाचं सांगतात.

पाठवण्याआधी तीन गोष्टी घोटून घ्या.

"का" हा शब्द बंद. मराठीत "का केलंस?" हा प्रश्न राहत नाही, ती झाडाझडती होते. लहानपणापासून "का" ऐकलं की आपण सबब शोधतो. त्याऐवजी "शेवटचं कधी झालं ते सांग," "त्या दिवशी उठल्यापासून सांग," "मग काय झालं?"

शब्द त्याचे, जसेच्या तसे, अवतरणात लिहायचे. "तो चिडला होता" असं लिहून आणलं तर मी परत पाठवते. काय म्हणाला? हात कुठे होते? आवाज कसा होता?

आणि शेरा व पाहिलेली गोष्ट वेगळी ठेवायची. "आळशी आहे" हा शेरा. "चारदा अकरानंतर आला" ही पाहिलेली गोष्ट. याचा सराव अर्धा तास तरी करून घ्या, कारण आपल्या बोलण्यात शेरे इतके मुरलेत की मुलांना ते शेरे वाटतच नाहीत.

आता बादली. संबंधित मुलांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा पुसून सांगते.

चिठ्ठीत एवढंच होतं: "रूमवर. बादलीवरून. रोज." गटाने नोटीस बोर्डवर लिहिलं की बादली-बाथरूमवरून भांडणं होत असतील आणि बोलायची तयारी असेल त्यांनी यावं. गंमत म्हणजे त्याच खोलीतले दोघंही वेगवेगळे आले. आपलंच बरोबर आहे याची दोघांनाही खात्री होती.

विश्रामबागेत चौघांची भाड्याची खोली. एक मुलगा जतच्या पूर्व भागातला, दुसरा भिलवडीकडचा, कृष्णाकाठचा. जतचा मुलगा रात्री झोपताना बादली काठोकाठ भरून, वर ताट झाकून बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवायचा. भिलवडीचा साडेपाचला उठायचा, ती बादली मोरीत ओतायचा आणि ताजी भरून घ्यायचा. एका सकाळी बादली आपटली गेली आणि तिची कडी तुटली.

पहिल्या दहा मिनिटांत दोघांकडून जे आलं ते नेहमीचं. "त्याला माज आहे, भरलेली बादली ओततो." आणि, "तो माझ्यावर पाळत ठेवतो. शिळ्या पाण्यानं कोण तोंड धुणार?"

मग एका मुलीने विचारलं, "घरी सकाळी उठल्यावर पाण्याचं पहिलं काम काय असतं?"

जतच्या मुलाने सांगितलं की तो लहान असताना टँकर यायचा, आजी घागरी मोजायची. आंघोळीचं पाणीसुद्धा वाया जाऊ द्यायचे नाहीत, परसातल्या शेवग्याला घालायचे. भरलेलं भांडं झोपायच्या आधी डोळ्यांनी बघितल्याशिवाय आजीला झोप यायची नाही, आणि आता त्यालाही येत नाही.

भिलवडीच्या मुलाच्या घरी आई पहाटे हंडा घासते. रात्रीचं उरलेलं पाणी तुळशीला, मग ताजं भरायचं. "शिळं पाणी देवालापण चालत नाही." हे बोलणं त्यांच्या खोलीवरच चाललं होतं. तेवढ्यात त्या मुलीचं लक्ष त्याच्या कॉटखाली गेलं. तिथे पाण्याने भरलेल्या चार बाटल्या होत्या. विचारल्यावर तो जरा गप्प झाला. २०१९ च्या पुरात ते पाहुण्यांच्या वरच्या मजल्यावर अडकले होते. चहूकडे पाणी, आणि प्यायला नाही. तेव्हापासून बाटल्या भरून ठेवतो.

गट परत आला तेव्हा बराच वेळ कुणी चार्टला हात लावला नाही.

दुसरा दिवस, सकाळ: वाक्य

सगळ्या कार्यशाळेत मी जास्तीत जास्त वेळ या टप्प्याला देते, दोन तास. नवे लोक इथेच घाई करतात. ऐकून आलेली मुलं लगेच उपाय सांगायला लागतात, "दोन बादल्या आणायच्या की!" त्यांना थांबवा. उपाय सुचला तर कागदावर लिहून खिशात ठेवा म्हणावं, दुपारी काढू.

आधी दोघांचा दिवस एका चार्टवर समोरासमोर मांडायचा. कोण कधी उठतं, कुठे जातं, कोणत्या वस्तूला हात लावतं. दोघांच्या रेषा जिथे एकमेकींना अडतात तिथे तांबडी खूण. मग न बोलावलेल्या तिसऱ्याला शोधायचं. म्हणजे मोटर ठरावीक वेळेलाच चालू करणारा घरमालक. बसचं वेळापत्रक. रिपोर्टवर चारच नावं मावतील असा फॉर्म करणारे आम्हीच प्राध्यापक.

त्यानंतर एक वाक्य लिहायचं. साचा सोपा आहे: अमक्याला अमुक हवं आहे, तमक्याला तमुक हवं आहे, तर दोन्ही कसं जमेल? परीक्षाही सोपी: हे वाक्य दोघांना वेगवेगळं वाचून दाखवलं तर दोघंही "हां, हेच" म्हणतील का?

बादली गटाचं पहिलं वाक्य होतं, "भिलवडीच्या मुलाला पाण्याची किंमत कशी पटवून द्यावी?" हा निकाल झाला. दुसरं होतं, "दोघांनी एकमेकांना समजून घ्यावं यासाठी काय करावं?" हे भिंतीवरचं सुभाषित, याच्यावर काहीच करता येत नाही. पाचव्या खेपेला आलं ते असं: "खोलीतल्या दोघांनाही पहाटे पाण्याची खात्री हवी आहे. एकाला साठवलेलं दिसलं की बरं वाटतं, दुसऱ्याला वापरायला ताजंच लागतं. साठवलेलं वाया न जाता दोघांची सकाळ कशी सुरू होईल?"

दुसऱ्या एका गटाकडे प्रोजेक्टची चिठ्ठी होती: "एक जण कधीच मीटिंगला नसतो, आयतं नाव लावतो." त्यांचं वाक्य तिसऱ्या खेपेलाच सापडलं, कारण मीटिंग रोज पाचनंतर कँटीनला व्हायची आणि त्या मुलीची गाडी पावणेपाचला. तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिनेही सांगितलं नव्हतं, कारण "गावाकडची म्हणून सवलत मागते" असं कुणी म्हणायला नको होतं.

हेही सांगून ठेवते की दरवेळी मांडणीत दोष सापडत नाही. काही मुलं खरोखर आयतं खातात. एका गटाने दोन तास रेषा काढून शेवटी लिहिलं, "मुलाखतीत तो स्वतःच म्हणाला की त्याला काम करायचं नाही." ठीक आहे. तिथे उपाय डिझाईनचा नाही, नाव कापण्याचा आहे, आणि तो निर्णय शिक्षकाचा. मुलांच्या गळ्यात घालू नका.

दुपार: कल्पना आणि नमुना

कल्पनांना पाऊण तास पुरे. आधी दहा मिनिटं सगळ्यांनी न बोलता पत्रिकांच्या मागे लिहायचं, एका कागदावर एक. गप्प लिहिणं आवश्यक, नाहीतर मोठ्या आवाजाच्या एकट्याचंच सगळं चालतं. मग वाचायचं, आणि त्या वेळेत "हे नाही चालणार" म्हणायला मनाई. खिशातले कागदही आता बाहेर काढायचे. वेडगळ कल्पना फाडू नका. घरमालकालाच खोलीत राहायला बोलवायचं या कल्पनेतून एकदा मोटरच्या वेळा बदलून घेण्याची गोष्ट निघाली.

नमुना म्हणजे काय, हे भांडणाच्या बाबतीत जरा समजावून सांगावं लागतं. इथे पुठ्ठ्याचं मॉडेल करायचं नसतं. नमुना एखादी वस्तू असू शकते, वेळापत्रक असू शकतं, व्हॉट्सअॅप ग्रुपचा एखादा नियम असू शकतो, किंवा नुसतं बोलायचं एक वाक्यही. वाक्याचा नमुना करून बघायचा तर तालीम हवी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते याच गावात, त्यामुळे नाटक म्हटलं की सांगलीच्या पोरांना फार आग्रह करावा लागत नाही. एक जण बोलणारा, एक समोरचा, बाकीचे टिपणारे. मग भूमिका उलट्या. आपलं वाक्य समोरून ऐकू आलं की ते किती टोचतं हे लगेच कळतं. "तू नेहमीच उशीर करतोस" हे तालमीत तीनदा ऐकल्यावर त्याचं "काल मी साडेसहापर्यंत थांबले होते, आज किती वाजता येशील?" असं झालेलं मी पाहिलंय.

बादली गटाचा नमुना: झाकणाचं एक पिंप. मारुती रोडवरून आणलं, तीनशेच्या आत. रात्री ते भरायचं, त्याला हात लावायचा नाही. सकाळी तोंड धुणं, आंघोळ नळाच्या ताज्या पाण्याने. आदल्या रात्रीचं पिंपातलं पाणी फरशी आणि संडासला वापरायचं, ओतायचं नाही. मोटर चालू झाली नाही तर पिंप सगळ्यांचं. हे मांडल्यावर वर्गातून प्रश्न आला, "उरलेल्या दोघांना विचारलं का?" नव्हतं विचारलं. संध्याकाळी फोन केला तेव्हा कळलं की संडास रोज एकटाच धुणारा तिसरा रूममेट याच्यावर फार खूश आहे, आणि चौथ्याला पिंप ठेवायला जागा कुठाय हा प्रश्न पडलाय.

प्रत्येक नमुना सात दिवसांसाठीच, हे ठासून सांगा. "कायम असंच करायचं" म्हटलं की माणूस बिचकतो, "आठ तारखेपर्यंत करून बघू" म्हटलं की तयार होतो. चार ओळींत लिहून घ्या: काय करायचं, कधीपर्यंत, काय बघायचं, आणि जमलं नाही तर कुणी कुणाला सांगायचं. स्टॅम्पपेपर, सह्या, साक्षीदार नकोत, त्याने परत पंचायत होते.

दोन आठवड्यांनी

या दिवशी "मिटलं का?" हा प्रश्न कुणीही विचारायचा नाही, प्राचार्य भेटायला आले तर त्यांनीसुद्धा. विचारायचं ते असं: मधल्या काळात पुन्हा खटका उडाला का? तेव्हा तुम्ही काय केलं? नमुन्यातलं काय मोडलं, कितव्या दिवशी?

मोडलं नाही असं सांगणारा गट बहुधा खोटं बोलतो किंवा त्याने करूनच बघितलेलं नसतं. प्रोजेक्टच्या गटाने मीटिंग दुपारच्या सुट्टीत आणली होती. तीन दिवस जमलं, चौथ्या दिवशी प्रॅक्टिकल आडवं आलं, मग त्यांनी निम्मं काम व्हॉइस मेसेजवर केलं. बादलीवाल्यांचं पिंप पाचव्या दिवशी भरायचं राहिलं आणि नेमकं त्या सकाळी नळाला पाणी नव्हतं. भिलवडीच्या मुलाने कॉटखालच्या चार बाटल्या काढून सगळ्यांना वाटल्या म्हणे. दोघं आजही एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. बादली ओतणं मात्र थांबलंय.

गुण द्यायचेच असतील तर टिपणांच्या वह्यांना द्या, वाद सुटला की नाही याला देऊ नका. मुलाखतीत अवतरणं किती, शेरे किती, वाक्य किती वेळा बदललं, नमुना मोडल्यावर काय दुरुस्त केलं, एवढं तपासलं तरी कोण शिकलं ते कळतं. कॉलेजला एक पानी अहवाल जातो, त्यात संख्या आणि टप्पे असतात, कुणाच्या घरची गोष्ट नसते. फोटो काढायचेच तर कोपऱ्यांच्या खेळाचे, मुलाखतीचे अजिबात नाहीत. चिठ्ठ्या मी सगळ्यांसमोर फाडते. चार्ट ज्याच्या त्याच्या गटाला परत.

आणि डबा त्याच दिवशी पुन्हा ग्रंथालयाच्या दाराशी ठेवायचा. त्या वेळी चार दिवसांनी उघडला तर पहिलीच चिठ्ठी निघाली: "रूमवर. पिंपाचे पैसे कुणी किती द्यायचे यावरून."